हिवाळ्यातील आपत्कालीन सामानासाठी मोठी सॅक : किती लिटरची घ्यावी आणि कशी पारखावी?

पायवाट_इंदूर यांचा प्रश्न

नमस्कार. आमचा पंधरा-सोळा जणांचा गट गेली काही वर्षे हिवाळ्यातील रविवारी इंदूरच्या आसपास पायी भटकंतीला जातो. जानापाव, चोरल, पातालपाणी, कजलीगढ ही आमची नेहमीची ठिकाणे. गटात महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत, तशी साठी ओलांडलेली तीन मंडळीही आहेत, आणि अडीअडचणीला लागणारे सामायिक सामान वाहण्याचे काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. आजवर माझी ३५ लिटरची सॅक कशीबशी पुरत आली. या डिसेंबरअखेर मात्र आम्ही पचमढीला दोन रात्री मुक्काम करणार आहोत आणि जानेवारीत आमच्यापैकी सहा जण उत्तराखंडात केदारकंठ्याला जाणार आहेत, तेव्हा मोठी सॅक घेणे भाग आहे.

ही निकड मला नुसत्या यादीवरून जाणवलेली नाही. गेल्या जानेवारीत चोरलच्या बाजूला डोंगर उतरताना गटातील एका काकूंचा घोटा मुरगळला. त्या वेळी साडेचार वाजले होते, आणि त्या दिवसांत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यांना दोन्ही बाजूंनी आधार देत सडकेपर्यंत आणायला तीन तास लागले, आणि त्यातला पाऊण तास आम्ही एका नाल्याकाठी नुसते थांबून होतो. दुपारच्या चढणीत घामाने भिजलेले कपडे अंगावरच गार पडले होते. माझ्याजवळ शाल होती, जादा स्वेटर होता, फॉइलचे चंदेरी पांघरूणही होते. पण ते सगळे सॅकच्या तळाशी दाबून बसवलेले होते, आणि त्यांच्यावर डबे, पाणी, दोरी असे बाकीचे सामान रचलेले होते. अंधारात, वाऱ्यात, एकेक वस्तू जमिनीवर काढून ठेवत मी तळापर्यंत पोहोचले, तोवर काकूंचे दात वाजू लागले होते. पुढे सर्व सुखरूप घरी पोहोचले, तरी सामान जवळ असूनही वेळेवर हाती आले नाही ही बोच अजून गेलेली नाही.

सध्याचे सामान असे आहे : ३ मीटर लांब-रुंद ताडपत्री, एक जादा स्लीपिंग बॅग, दोन स्वेटर, फॉइलची सहा पांघरुणे, प्रथमोपचाराचा डबा, तीन हेडटॉर्च, २० मीटर दोरी, लहान स्टोव्ह आणि पातेले, तीन लिटर पाणी, गूळ, चिक्की, चहाचे साहित्य, आणि माझे स्वतःचे कपडे. दुकानात ५०, ६० आणि ७० लिटरच्या सॅक पाहिल्या, आणि विक्रेत्याचा सल्ला सत्तरचा होता. माझे वजन ५६ किलो आहे व उंची पाच फुटांहून थोडी अधिक. किती लिटरची घ्यावी, आणि लिटरखेरीज आणखी काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

नारायणबागकर यांचे उत्तर

ताई, आपण प्रसंग लिहिलात ते फार बरे केले, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. त्या संध्याकाळी आपल्याला जागा कमी पडली होती, हे खरे. पण त्याहून अधिक अडचण सामान लावण्याच्या क्रमाची होती, आणि तो क्रम चुकला तर ७० लिटरच्या सॅकमध्ये शाल आणखी खोल जाईल.

लिटरचा निर्णय दुकानात करू नये. वाण्याकडून पुठ्ठ्याचे एक मोठे खोके आणावे, आपले सगळे सामान, ज्या पिशव्यांमध्ये नेणार त्या पिशव्यांसकट, त्यात नीट रचावे आणि ज्या उंचीपर्यंत ते येईल तेथे खूण करावी. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भागले की लिटर मिळतात. गुंडाळलेल्या वस्तूंचे वेगळे मोजायचे असल्यास व्यासाच्या निम्म्याचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले लांबी, असा हिशेब करावा. उदाहरणार्थ, २२ सेंटिमीटर व्यासाची आणि ३८ सेंटिमीटर लांबीची स्लीपिंग बॅग सुमारे साडेचौदा लिटर जागा घेते. म्हणजे आपल्या ३५ लिटरच्या सॅकचा जवळजवळ दोन पंचमांश भाग एकट्या त्या बॅगेने व्यापलेला असतो, आणि मग बाकीचे सामान कोंबावे लागते यात नवल नाही. खोक्यात जो आकडा येईल त्यात सहावा हिस्सा मिळवावा, कारण सॅक चौकोनी नसते आणि थंडीत बधिर हातांनी सामान पुन्हा भरताना ते घरच्यासारखे घट्ट बसत नाही. शिवाय लेबलवरचा आकडाही पारखून घ्यावा. काही कंपन्या बाहेरच्या जाळीदार खिशांचे मापही त्यात धरतात, आणि ‘५०+१०’ असे लिहिलेले असल्यास शेवटचे दहा लिटर वरचा गळा उंचावल्यावरच मिळतात.

दुसरी मर्यादा वजनाची. दिवसभर चालायचे तर पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहावे, असे मी मानतो. आपल्या बाबतीत ते ११ किलोच्या थोडे वर येते. चौकट असलेली चांगली मोठी सॅक रिकामी असतानाच दीड ते दोन किलोंची असते. तीन लिटर पाण्याचे तीन किलो वजा केले की बाकी सगळ्यासाठी सहा-साडेसहा किलो उरतात. हा हिशेब कागदावर मांडला की ७० लिटरचा मोह आपोआप कमी होतो, कारण तेवढी जागा भरली तर आपण ती उचलून चोरलची चढण चढू शकणार नाही, आणि जो माणूस स्वतः थकून मागे पडतो त्याच्या पाठीवरचे आपत्कालीन सामान पुढे गेलेल्यांच्या उपयोगाचे नसते.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, पाठीची लांबी. आपली उंची किती, यावरून सॅकचे माप ठरत नाही. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या पायथ्याशी जे हाड ठळकपणे हाताला लागते, तेथे शिंप्याच्या फितीचे एक टोक धरावे. दोन्ही हात कंबरेच्या खाली खुब्याच्या हाडांवर, अंगठे मागे येतील असे ठेवावेत, आणि दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जेथे छेदते तेथपर्यंत, पाठीच्या बाकानुसार, फीत न्यावी. हे माप दुसऱ्या माणसाकडून घ्यावे. याच मापाची सॅक असेल तर कंबरपट्टा खुब्याच्या हाडावर बसतो आणि बहुतांश भार पायांकडे जातो. सॅक लांब असेल तर पट्टा मांड्यांवर घसरतो, आखूड असेल तर पोटावर येतो, आणि दोन्ही वेळी सगळे ओझे खांद्यांवर लटकते. ज्या सॅकमध्ये पाठीची लांबी खालीवर करता येते ती घेतल्यास गटातील दुसऱ्या कोणाला द्यायची वेळ आली तरी अडत नाही, आणि आपल्यासारख्या सामायिक सामान वाहणाऱ्या व्यक्तीसाठी हा गुण मोलाचा आहे.

दुकानात सॅक रिकामी पाठीवर घेऊन पाहण्यात काही अर्थ नाही. आठ-दहा किलो वजन भरून, अंगात थंडीचे जाकीट घालूनच ती चढवावी. पहिल्यांदा कंबरपट्टा आवळावा, मग खांद्यांचे पट्टे, मग खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे लहान पट्टे, आणि शेवटी छातीचा पट्टा. ते वरचे लहान पट्टे तिरपे, साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात वर जात असतील तर माप जुळले असे समजावे.

परिचारिका_ताई यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी रुग्णालयात काम करते आणि सुट्टीत मुलांच्या शिबिरांबरोबर जाते, म्हणून सॅकच्या आतल्या क्रमाविषयी लिहिते.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्याला अल्पतापावस्था म्हणतात, आणि ती यायला हिमालयच लागतो असे नाही. ओले कपडे, वारा, थकवा आणि रिकामे पोट एकत्र आले की माळव्यातल्या सात-आठ अंशांच्या रात्रीही वयस्कर माणसाला धोका होऊ शकतो. पहिली लक्षणे म्हणजे कुडकुडणे, बोटांनी चेन किंवा बटण न लागणे, बोलणे अडखळणे आणि चालताना तोल जाणे. पुढे कुडकुडणे थांबते, आणि पाहणाऱ्याला वाटते की माणूस सावरला. वास्तविक ती अधिक गंभीर अवस्था असते. अशा वेळी पहिल्यांदा माणसाला वाऱ्याच्या आडोशाला घ्यावे, त्याच्या अंगाखाली काहीतरी घालावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावेत, डोके झाकावे आणि तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर गोड, कोमट पेय घोटाघोटाने द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत आणि दारू तर मुळीच देऊ नये, कारण तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर जाते.

आता हाच क्रम सॅकला लावून पाहावा. बसायची मॅट सर्वांत आधी लागते, म्हणून ती सॅकच्या बाहेर किंवा पाठीकडच्या सपाट कप्प्यात हवी. आडोशाची ताडपत्री सगळ्यांत वर हवी. त्याखाली एकाच रंगीत पिशवीत कोरडे स्वेटर, कानटोपी, मोजे आणि हातमोजे, असा एका माणसाचा पूर्ण जोड हवा. हेडटॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराची लहान पिशवी आणि चिक्की झाकणाच्या खिशात ठेवावी. स्टोव्ह आणि पातेले मध्ये, पाठीला लागून, कारण जड वस्तू पाठीजवळ असल्या की तोल सांभाळतो. आपल्याला मुक्कामाला पोहोचल्यावरच लागणार असे कपडे तळाशी जावेत. जादा स्लीपिंग बॅगही सहसा तळाशी जाते. परंतु आपली बॅग आजारी माणसासाठी आहे, म्हणून तळाशी वेगळी चेन असलेली सॅक घ्यावी, म्हणजे वरचे काही न काढता ती ओढून घेता येते. आपल्या चोरलच्या प्रसंगात नेमके हेच हवे होते.

फॉइलच्या पांघरुणाविषयी एक सावधगिरीची सूचना करते. ते अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत फिरवते आणि वारा अडवते, पण जमिनीची गारठण त्याने अडत नाही, आणि आत घामाचे दवही साचते. सहा फॉइल आणि एकही मॅट नसणे, यापेक्षा तीन फॉइल आणि दोन मॅट हे मला अधिक पटते. फोमची मॅट अवजड दिसते, पण वजनाला अगदी हलकी असते; तिला सॅकच्या बाहेर बांधायला खालच्या बाजूस दोन पट्टे आहेत की नाहीत, हे घेताना पाहावे.

शेवटचा मुद्दा आग्रहाने मांडते. सोळा माणसांचे सगळे आपत्कालीन सामान एकाच पाठीवर का? आपणच घसरलात, आपणच मागे राहिलात किंवा गट दोन वाटांनी विभागला गेला, तर बाकीच्यांजवळ काय उरते? ऊब देणारे सामान दोघांकडे विभागून असावे, एक पुढे चालणाऱ्याकडे आणि एक शेवटी चालणाऱ्याकडे. शिट्टी आणि विजेरी मात्र प्रत्येकाच्या गळ्यात किंवा खिशात हवी. वजनही वाटले जाईल आणि आपली सॅकही लहान होईल.

महूकर यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे, म्हणून मांडतो. आपण केदारकंठ्याचे नाव घेतले आहे, आणि तेथला हिवाळा व जानापावचा हिवाळा यांना एका मापाने मोजता येणार नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि केदारकंठ्याचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे धरले तर केवळ उंचीमुळे वीस-एकवीस अंशांचा फरक पडतो. म्हणजे ज्या रात्री आपल्याकडे आठ-दहा अंश असतात त्या रात्री तेथे शून्याखाली दहा-बारा अंश असणे स्वाभाविक आहे, आणि वाऱ्याचा गारठा त्याहून वेगळा. त्या थंडीचे जाकीट, दोन थर थर्मल, जाड मोजे, हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि तशाच क्षमतेची स्लीपिंग बॅग, हे सगळे फुगीर असते. म्हणून मी सुरुवातीलाच ६५ लिटरची सॅक घेतली आणि मला पश्चात्ताप झालेला नाही. सामान कमी असेल तेव्हा बाजूचे आवळपट्टे ओढून ती ४० लिटरइतकी बारीक करता येते. हे पट्टे दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, असलेच पाहिजेत. ते नसतील तर अर्धी रिकामी सॅक आतल्या आत हिंदकळते आणि बर्फावर उतरताना माणसाला पाडते.

तरीही इतके मान्य करतो की केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांकरी गावाहून निघणाऱ्या बहुतेक गटांचे तंबू आणि स्लीपिंग बॅगा आयोजकांकडे असतात व खेचरांवर जातात. आपले तसे असेल, तर माझा आग्रह सैल होतो.

बर्फातल्या वापरासाठी काही बारीक गोष्टी पाहाव्यात. बकल आणि चेन हातमोजे घालून उघडता येतात का, हे दुकानातच करून पाहावे. चेनच्या टोकाला दोरीचा चार बोटांचा फास बांधून घेतला तर फार सोपे जाते. हलक्या प्रतीचे प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते, म्हणून कंबरपट्ट्याचे एक जादा बकल जवळ ठेवावे. पाठीच्या जाळीला बर्फ चिकटतो आणि मग वितळून कपडे भिजतात, तेव्हा फार खोल जाळीऐवजी गुळगुळीत फोमची पाठ मला बरी वाटते. रेनकव्हर जोराच्या वाऱ्यात फुगते आणि कधी निघूनही जाते, म्हणून त्याच्या भरवशावर न राहता सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी अस्तरासारखी घालावी आणि तिचे तोंड पीळ देऊन बंद करावे. रेनकव्हर नारिंगी किंवा लाल घ्यावे, म्हणजे धुक्यात आणि बर्फात माणूस दुरून दिसतो.

पाण्याची नळी असलेली पिशवी तेथे उपयोगाची नाही, कारण नळीतले पाणी आधी गोठते. रुंद तोंडाची बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवावी. पाणी वरून गोठू लागते, त्यामुळे सरळ केल्यावर झाकणाकडची बाजू मोकळी राहते. हेडटॉर्चचे सेल आणि पॉवर बँक अंगाजवळच्या खिशात असावेत, कारण थंडीत त्यांची शक्ती लवकर उतरते. स्टोव्हच्या गॅसबद्दलही लक्षात घ्यावे की साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो, म्हणून थंडीसाठी आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचे मिश्रण असलेले डबे लागतात. असा डबा रेल्वेने नेण्यास मनाई आहे, विमानानेही नेता येत नाही, तेव्हा इंदूरहून मालवा एक्स्प्रेसने दिल्ली गाठणार असाल तर तो डबा पुढे उत्तराखंडातच घ्यावा आणि सॅकमध्ये त्याची जागा राखून ठेवावी.

पायवाट_इंदूर यांचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री घरी खोके आणले आणि सगळे सामान त्यात रचले. ५० बाय ४० सेंटिमीटरचे खोके ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरले, म्हणजे नेमके ६० लिटर. मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे सामान विभागले. जादा स्लीपिंग बॅग आणि एक स्वेटर गटातील शेवटी चालणाऱ्या तरुणाकडे दिला, तीन फॉइल कमी केली, दोरी त्याच्याकडे गेली आणि दोन मॅट वाढवून बाहेर बांधण्यासाठी बाजूला ठेवल्या. पुन्हा रचल्यावर उंची २१ सेंटिमीटरवर आली, म्हणजे ४२ लिटर. सहावा हिस्सा मिळवला तर ४९. वजन पाण्यासह साडेआठ किलो भरले, त्यात सॅकचे दोन धरले तर मी मर्यादेच्या आत राहते. केदारकंठ्याला तंबू आणि स्लीपिंग बॅगा आयोजकांकडेच आहेत, याची खात्री फोन करून करून घेतली.

पाठीचे माप मुलीकडून घेतले. ते ४१ सेंटिमीटर आले, आणि दुकानात मला जी ७० लिटरची सॅक चढवून दाखवली होती ती मोठ्या पाठीची होती, हे आता कळले. तेव्हा खांदे दुखले होते आणि मी ते स्वतःच्या दुबळेपणावर ढकलले होते.

आता एकच शंका उरली आहे. माझ्या थोरल्या भावाची ६० लिटरची जुनी सॅक माळ्यावर आहे. दहा-बारा वर्षे वापरात नाही, पण दिसायला धडधाकट आहे आणि तिची पाठ खालीवर करता येते. नवी घेण्याऐवजी ती वापरावी का?

टाके_आणि_बकल यांचे उत्तर

बॅगांची दुरुस्ती हे आमचे घरचेच काम आहे, म्हणून या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देतो.

सॅक उलटी करून आतल्या बाजूने हात फिरवावा. नायलॉनच्या आत पाणी अडवण्यासाठी पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. बंद जागेत, आपल्याकडच्या पावसाळ्यांची दमट हवा खाऊन, तो थर काही वर्षांनी चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. तसे झाले असेल तर सॅक पाणी धरणार नाही, आणि तो थर घरच्या घरी पुन्हा देता येत नाही. आतून प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचा जवळपासच्या फेरीसाठी उपयोग होईल, पण ज्या सामानावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे ते त्यात घालून बर्फात नेऊ नये.

थर चांगला असल्यास पुढे तीन ठिकाणे पाहावीत. खांद्याचे पट्टे जेथे पाठीला शिवलेले असतात तेथे चौकोनात फुली मारल्यासारखी शिवण असते. तेथला एकही टाका सुटलेला चालणार नाही. वर उचलायच्या फासावर सॅक सामानासह टांगून ती शिवण ताणून पाहावी. नंतर कंबरपट्ट्याचा फोम दाबावा. दाबल्यावर तो पुन्हा वर न आल्यास तो मेलेला आहे, आणि भार खांद्यांवर येणार. शेवटी आतली ॲल्युमिनियमची पट्टी काढून पाहावी, ती वाकडी झाली असेल तर आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे हाताने वळवता येते, पण तिच्यावर चीर दिसली तर ती बदलावी लागते. बकल आणि चेनचा घोडा बदलणे किरकोळ काम आहे, त्यासाठी चांगली सॅक टाकून देऊ नये.

नवीच घ्यायची असेल तर कापडाच्या डेनियरकडे पाहावे. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका धागा जाड. अंगाला २१० किंवा त्याच्या वरचे, चौकडीची वीण असलेले कापड पुष्कळ होते. तळ मात्र ४२० च्या पुढचा असावा, कारण सॅक प्रत्येक थांब्यावर दगडावर टेकवली जाते. फार जाड कापड सगळीकडे लावलेली सॅक टिकते खरी, पण तिचे स्वतःचेच वजन वाढते आणि ते आपल्या ११ किलोंमधून जाते.

पायवाट_इंदूर यांचे उत्तर

माळ्यावरची सॅक आज उन्हात उघडली. आतला थर बोटांना चिकटला आणि तळाशी पांढरे पापुद्रे पडले होते. भावाला फोन करून सांगितले, तेव्हा त्यालाही वाईट वाटले, कारण त्याची पहिली पदभ्रमंती तिच्याबरोबर झाली होती. ती घरीच ठेवते आहे, गाडीत जादा रजया ठेवण्यासाठी.

संध्याकाळी जाकीट, हातमोजे आणि पाच-पाच किलो गव्हाच्या दोन पिशव्या घेऊन दुकानात गेले. विक्रेत्याने आधी आश्चर्याने पाहिले, पण नंतर त्याने स्वतःच पट्टे जुळवायला मदत केली. एक ६० लिटरची आणि दोन ५०+१० च्या, अशा तीन सॅक चढवून प्रत्येक वेळी दुकानाच्या जिन्याचे तीन मजले चढले-उतरले. साठ लिटरचीची पाठ सर्वांत आखूड केली तरी माझ्यासाठी लांबच राहिली. पहिल्या ५०+१० च्या कंबरपट्ट्याचे बकल हातमोज्यांनी उघडेना. दुसरीचा पट्टा खुब्यावर नेमका बसला, जाकिटावरूनही आवळून पुरेशी पट्टी उरली, वरचे लहान पट्टे तिरपे गेले, आणि तिला तळाशी वेगळी चेन आहे. वजन १ किलो ८०० ग्रॅम. तीच घेतली. रेनकव्हर राखाडी होते, ते बदलून नारिंगी मागून घेतले.

आज रात्री दिवे मालवून, हातमोजे घालून, मुलीला नाल्याकाठच्या काकूंच्या जागी बसवले आणि सॅक उघडली. मॅट अंगाखाली, ताडपत्री पाठीमागे, कोरडे स्वेटर आणि कानटोपी अंगावर, इतके व्हायला दोन मिनिटे वीस सेकंद लागली. हेडटॉर्च झाकणाच्या खिशात प्रथमोपचाराच्या पिशवीखाली गेला होता, त्यात वेळ गेला. तो आता छातीच्या पट्ट्याला अडकवला आहे. या रविवारी जानापावला शेवटी चालणाऱ्या आमच्या तरुण सोबत्याकडूनही त्याच्या सॅकवर हेच करून घेणार आहे, आणि घोटा मुरगळलेल्या काकू या हंगामात पहिल्यांदाच पुन्हा आमच्याबरोबर येत आहेत.